टेलरचा उद्या आणि खालांची शेळी

शिंप्याचा 'उद्या' म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे मी चाळीस वर्षं लोकांना समजावतोय आणि लोक समजून घ्यायला तयार नाहीत. गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतं, मास्टर, झालं का? आता खरं सांगायचं तर त्या बाईचं कापड अजून पिशवीतून बाहेरसुद्धा आलेलं नसतं. पण ती बिचारी चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हातून चालत आलेली असते. तिला खरं सांगून तिचं डोकं आणखी तापवण्यात कुठली माणुसकी? म्हणून मी म्हणतो, झालंच की, फक्त काज-बटण राहिलंय, उद्या या. ती समाधानानं घरी जाते. एक दिवस का होईना, माझ्यामुळं एक जीव सुखात राहतो. यात पाप कुठं आलं ते कुणीतरी मला दाखवून द्यावं, असं मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नेहमी म्हणायचो. शेवटी ते मला दिसलं, पण त्यासाठी एक शेळी कामाला लागली.

माझं दुकान सात रस्त्याजवळ आहे. मशीनच्या वर भिंतीला चर्चचं कॅलेंडर असतं. त्यात दर महिन्याला देवाचं एक अभिवचन मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. देव दिलेला शब्द मोडत नाही, पिढ्यान्‌पिढ्या पाळतो, अशा अर्थाची ती वचनं. आणि त्याच्या बरोबर खाली बसून मी 'उद्या नक्की' म्हणत असतो. गिऱ्हाइकं एकदा वर बघतात, एकदा खाली बघतात. एका बाईनं तर तोंडावर सांगितलं, की मास्टर, एक तर कॅलेंडर काढा न्हाईतर तुमी तरी उठा तितनं. माझ्या बायकोचं मत याहून कडक आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गेल्या मे महिन्यात चर्चमध्ये मुलांची सुट्टीतली पवित्र शास्त्राची शाळा भरली. दहा दिवस गाणी, गोष्टी, चित्रं, आणि शेवटच्या दिवशी दुपारी जेवण आणि मोठ्यांनी मुलांसाठी बसवलेलं नाटक. विषय होता, करार पाळणारा देव. आता देवाचा करार म्हटलं की सगळे नोहाचं तारू काढतात आणि त्यावर इंद्रधनुष्य. आमच्याकडं तीन वर्षांत तीन तारवं झाली. त्यातलं एक अजून जिन्याखाली पडून आहे, त्यात मोडक्या खुर्च्या ठेवतात. पाळकसाहेब मूळचे वैरागचे, वयानं माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आणि उत्साहानं उतू जाणारे. ते म्हणाले, यंदा तारू नको, यंदा अब्राहाम.

अब्राहाम कोण होणार याची चर्चा झालीच नाही. मला पोट आहे, दाढी कापसाची करता येते, आणि पोशाख मीच शिवणार असल्यामुळं निदान एका माणसाचं माप तरी चुकणार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

मी हो म्हणालो खरा, पण नाटक वाचलं आणि माझं डोकं फिरलं. गोष्ट अशी आहे. देव अब्राहामाला सांगतो, आकाशातले तारे मोज, तेवढी तुझी संतती होईल. अब्राहाम म्हातारा, बायको सारा म्हातारी, घरात पाळणा हललेला नाही. तो विचारतो, हे होणार हे मी कशावरून मानू? तेव्हा देव त्याला जनावरं आणायला सांगतो. त्या काळी दोघांना करार करायचा असला की जनावरं मधोमध कापून दोन बाजूंना मांडायची आणि दोघांनी मधून चालत जायचं. म्हणजे, जो शब्द मोडेल त्याचं असं होवो. अब्राहाम सगळं मांडतो, मांसावर झडप घालणारे पक्षी हाकलतो, आणि मग त्याला गाढ झोप लागते. तो झोपलेला असताना धुरानं भरलेली एक शेगडी आणि एक पेटती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. म्हणजे देव एकटाच चालतो.

मुख्य पात्र मी, आणि ऐन वेळी मीच झोपायचं, हा कुठला न्याय, असं मी पाळकसाहेबांना विचारलं. निदान एक डोळा उघडा ठेवतो म्हटलं. निदान शेगडीच्या मागं मागं दोन पावलं चालतो म्हटलं. ते बधले नाहीत.

"मास्टर, तुम्ही झोपलात तरच अर्थ लागतो," ते म्हणाले. "दोघं चालले असते तर करार दोघांच्या शब्दावर उभा राहिला असता. अब्राहामाच्या शब्दाचा काय भरवसा? जिवाच्या भीतीनं त्यानं राजाला बायको बहीण म्हणून सांगितली. म्हणून देवानं सगळं ओझं स्वतःवर घेतलं."

हे ऐकून माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. का बघितलं ते मी विचारलं नाही.

पण मी सहजासहजी हार मानणारा नव्हे. मी म्हटलं, पाळकसाहेब, देवानं शब्द दिल्यापासून मुलगा होईपर्यंत किती वर्षं गेली? पंचवीस. पंचवीस वर्षं अब्राहाम विचारतोय आणि देव सांगतोय, होणार, होणार. मी तर कुणाला पंचवीस आठवड्यांच्या वर ठेवत नाही.

पाळकसाहेबांनी जरा विचार केला. "उशीर झाला मास्टर," ते म्हणाले, "पण देवानं कापड हरवलं नाही."

हा टोमणा होता. नाताळात त्यांच्या बायकोचा ब्लाउजपीस माझ्या दुकानातून नाहीसा झाला होता. ते प्रकरण मिटलंय असं मी समजून चाललो होतो.

जनावरं पुठ्ठ्याची करायची ठरली. अर्धा मेंढा इकडं, अर्धा तिकडं. शेळीचंही तसंच. कालवड आम्ही जागा कमी म्हणून गाळली. पण एक तरी जनावर जिवंत हवं, अब्राहामानं ते ओढत आणलं की मुलं खूश होतील, असं पाळकसाहेबांच्या मनात आलं. आणायचं, झाडाला बांधायचं आणि मांडायची वेळ आली की पुठ्ठा मांडायचा. आता आमच्या भागात जिवंत शेळी एकच, ती खालांची.

खाला चर्चच्या मागच्या गल्लीत राहतात. पंचाहत्तरीच्या आहेत, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुली सासरी. घरात त्या आणि शेळी. शेळीला त्या बेटी म्हणतात. ही बेटी चार वर्षं गाभण राहिली नव्हती, सगळ्यांनी तिची आशा सोडली होती, आणि यंदा अचानक राहिली. दिवस भरत आले होते. पाळकसाहेबांना हे कळल्यावर ते इतके हरखले की आता तिलाच सारा करतात की काय अशी मला धास्ती वाटली.

खरी अडचण वेगळीच होती. खालांचा हिरवा झंपर माझ्याकडं होता. ईदला घालायचा म्हणून त्यांनी कापड रमजानच्या आधी दिलं होतं. ईद झाली. त्यानंतर प्रत्येक वेळी त्या दुकानाशी थांबायच्या आणि मी काज-बटणाचं सांगायचो. आता बकरीद आठवड्यावर आली होती. त्यामुळं नाटकाच्या दिवशी सकाळी मी दारात दिसताच खालांनी दोन्ही हात पुढं केले. मी त्या हातांकडं न बघता शेळी मागितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. इब्राहीमचं, म्हणजे आमच्या अब्राहामाचंच, नाटक म्हटल्यावर त्यांनी आधी खात्री करून घेतली, की शेळीला कुणी हात लावणार नाही ना. मग इब्राहीम कोण होणार ते विचारलं. मी, असं सांगितलं. त्या 'तोबा' म्हणाल्या आणि खोकला लागेपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"असर की अजान के पैले बेटी दारात होना," त्या म्हणाल्या. "पेट से है. धूप में खडी नक्को करो. और मास्टर, तुम्हारा उद्या इसमें नै चलता."

"शब्द देतो, खाला," मी म्हणालो.

त्या काहीच बोलल्या नाहीत. शेळीची निळी नायलॉनची दोरी माझ्या हातात दिली आणि आत गेल्या. ते गप्प राहणं मला फार झोंबलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मला रागच आला, आणि त्या रागात मी ठरवलं, की काही झालं तरी ही शेळी असरच्या, म्हणजे पाच-सव्वापाचच्या, अजानच्या आधी दारात बांधायची. देतानाच पाळायचा ठरवलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला शब्द होता, हे लिहिताना मला आता लाज वाटतेय, पण खरं आहे.

दुपारी जेवणात मटण होतं. शेळी अंगणात कडुलिंबाखाली उभी राहून पंगतीकडं बघत होती. पहिल्यांदा वाढलं तेव्हा मला घास जाईना. दुसऱ्यांदा वाढून घेताना मी तिच्याकडं पाठ केली. मग दोन सोलापुरी चादरी जोडून शिवलेला माझा झगा मी अंगावर चढवला. त्यात कापसाची दाढी. दुपारचे तीन वाजले होते आणि वारा नावाला नव्हता.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. खालांची ती निळी नायलॉनची दोरी मला खटकली. अब्राहामाच्या काळात नायलॉन कुठून आलं? पोशाख माझ्याकडं होते, लोक मला नावं ठेवणार. म्हणून मी दोरी सोडून झाडाशी ठेवली आणि शेळीच्या गळ्यात पायजम्याची पांढरी सुती नाडी बांधली. दिसायला अगदी शास्त्रातली. खायला कशी लागते हा विचार माझ्या मनात आला नाही.

शेळीनं प्रवेशालाच टाळ्या घेतल्या. मी तिला झाडाला बांधलं, पुठ्ठ्याचे तुकडे मांडले. काळ्या छत्र्यांचं कापड पांघरून मुलं गिधाडं झाली होती, त्यांना काठीनं हाकललं. एक गिधाड जायलाच तयार नव्हतं, त्याला दोनदा हाकलावं लागलं. मग मी आडवा झालो आणि डोळे मिटले. मिटायचेच होते. कडुलिंबाची सावली, पोटात दोन ताटं रस्सा आणि अंगावर दोन चादरी. पुढचं मी सांगू शकत नाही, कारण पुढं मी तिथं नव्हतो.

मला नंतर कळलं ते असं. मी घोरायला लागलो. मुलं हसून लोळली. पाळकसाहेब धुराची शेगडी आणि मशाल घेऊन तुकड्यांमधून एकटे चालत गेले, आणि म्हणे सगळं अंगण शांत झालं, फक्त माझं घोरणं चालू होतं. नाटक संपलं तरी मला कुणी उठवलं नाही. असा अभिनय आजवर बघितला नाही, असं म्हणत लोक सरबत प्यायला गेले.

मी उठलो तेव्हा अंगण रिकामं होतं. झाडाला नाडीचं वीतभर टोक लोंबत होतं, चावून ओलं झालेलं. शेळीनं माझ्या हातावर तुरी दिल्या होत्या. चर्चच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच वाजले होते.

मी दारातून निघालो तशी सरबताच्या टेबलाजवळून बायको म्हणाली, अहो, ऐका तर. तिला सांगितलं, शेळी पोचवायला निघालोय, पाच मिनिटांत येतो. हातात शेळी नाही, दोरी नाही, आणि मी शेळी पोचवायला निघालो होतो. बायको बघत राहिली. फोन माझ्या पँटच्या खिशात आणि पँट चर्चच्या खुंटीला. शेळी हरवली हे एका माणसाला जरी खरं सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सवय वाईट.

बकरीदचा आठवडा. त्या दिवसांत आमच्या भागात माणसांइतक्याच शेळ्या-बोकड रस्त्यावर असतात. टेम्पोतून उतरताहेत, खांबाला बांधलेत, कुणाच्या तरी स्कूटरवर बसून चाललेत. मी दाढी आणि झग्यासकट सात रस्त्यापर्यंत पळालो. भाजीवाल्याला विचारलं, एक पांढरी-काळी शेळी बघितली का? तो म्हणाला, "शेळी व्हय? हितं लई हायत की. कंची पायजे?"

एका माणसानं मोटारसायकल थांबवली, उतरला आणि माझ्या पायाला हात लावला. महाराज, बदली कवा व्हईल, असं विचारायला लागला. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, उद्या. तो समाधानानं गेला.

एका टेम्पोच्या मागं पांढरं-काळं शेपूट दिसलं. मी झडप घातली. तो बोकड निघाला आणि त्याच्यामागून मालक. त्याची समजूत घालण्यात पाच मिनिटं गेली. आणि मग, टेम्पोतल्या त्या सगळ्या बांधलेल्या जनावरांकडं बघताना, मला एकदम खरी भीती वाटली. खालांची बेटी कुणी आपली म्हणून उचलली असेल तर? पोटुशी, म्हातारी, आणि गळ्यात माझी नाडी. मी दुभाजकावर उभा राहून प्रार्थना केली. देवा, शेळी सापडू दे, मी उद्यापासून, असं म्हणालो आणि तिथंच जीभ चावली. देवालासुद्धा मी तेच सांगत होतो.

तेवढ्यात अजान झाली. आधी एका मशिदीतून, मग दुसऱ्या. मी शब्द मोडला होता.

कारणांचा माझ्याकडं कधीच तोटा नव्हता. लाइट गेली, मशीन बिघडलं, कारागीर मंगळवेढ्याला लग्नाला गेला. खालांच्या गल्लीकडं चालताना एकेक करून पुढं ओढलं, पण शेळीला यातलं एकही बसेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाकडं एकही कारण तयार न करता निघालो होतो. खालांना काय वाटेल यापेक्षा, त्या पुन्हा गप्प राहतील, याची मला जास्त भीती वाटत होती.

खाला उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. शेजारी निळ्या दोरीनं बांधलेली शेळी उभी होती आणि उरलेली नाडी चघळत होती.

मी तसाच रस्त्यावर बसलो. नाटक बघायला खाला स्वतः आल्या होत्या. बेटी काम करते तर मी बघायला नको का, असं म्हणून त्या मागं बायकांमध्ये बसल्या होत्या. शेळी नाडी खाऊन सुटली ती थेट त्यांच्या पायाशी. खालांनी निळी दोरी तिच्या गळ्यात घातली, ऊन उतरल्यावर माझ्या बायकोला सांगितलं आणि शेळी घेऊन घरी आल्या. बायको मला तेच सांगणार होती.

"खाला," मी म्हणालो, "मी शब्द मोडला."

"कब मोडा?" खालांनी सुपातून मान वर केली. "अजान के पैले दारात बोले थे ना? अजान के पैले दारात है. पूरा हुआ तुम्हारा शब्द."

"पण मी नाही आणली."

"तुम सोरे थे मास्टर. सोते आदमी कू क्या उठाना. मैं ले आई."

मला रडू आलं. खरंच आलं, ते लपवून काय करू? मी गाढ झोपलो होतो, घोरत होतो, आणि माझा शब्द दुसऱ्याच कुणीतरी माझ्या वाटणीचं चालून पुरा केला होता. जी शेगडी आणि मशाल मी डोळ्यांनी बघितलीच नाही ती मला तिथं, त्या गल्लीत दिसली. पाळकसाहेबांनी तीन वेळा समजावलं होतं आणि मी तीनही वेळा माझी भूमिका लहान झाली म्हणून भांडत होतो. करार कुणाच्या भरवशावर टिकतो ते मला एका शेळीच्या दारात कळलं. दाढीचा कापूस भिजून खाली आला तेव्हा खाला पुन्हा खोकल्यापर्यंत हसल्या.

मी तिथून चर्चला गेलो नाही, घरी गेलो नाही. त्याच झग्यात दुकान उघडलं, खालांचं कापड पिशवीतून काढलं आणि मशीनवर बसलो. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, मी मान वर केली नाही. सूर्य मावळतानाच्या मगरिबच्या अजानला थोडा वेळ असताना मी हिरवा झंपर घेऊन खालांच्या दारात उभा होतो.

"खाला, झालाय," मी म्हणालो. "फक्त काज-बटण राहिलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"या वेळी खरंच," मी म्हणालो.

त्यांनी झंपर उलटा-सुलटा करून पाहिला. बाह्या होत्या, गळा होता, शिवण सरळ होती. खरोखरच फक्त काज-बटण राहिलं होतं. त्यांनी झंपर घडी करून परत माझ्या हातात दिला.

"तो फिर उद्या लाओ," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, हसू नव्हतं. उद्या मी येणार हे त्या धरूनच चालल्या होत्या. इतक्या वेळा फसलेल्या बाईनं ते कशाच्या जोरावर धरलं ते मला आजही समजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी गेलो. शेळीला पहाटे दोन करडं झाली होती. त्यातलं एक उभं राहायचा प्रयत्न करत होतं आणि दर वेळी पडत होतं. खालांनी झंपर घेतला, प्रत्येक काजात बोट घालून तपासलं, बटणं मोजली. मग डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं.

"मास्टर," त्या म्हणाल्या, "आज उद्या है क्या?"

"हो खाला," मी म्हणालो. "आजच आहे."